सीआरपी वाढलंय म्हणून बाबांना ट्रायलमध्ये घालू का?

पत्र:

ताई, माझे बाबा ६३ वर्षांचे आहेत, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. आठ महिन्यांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट टाकले. आता बरे आहेत, गोळ्या नियमित चालू आहेत, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल ५८ आलंय. पण मागच्या महिन्यात फॉलोअपला गेलो तेव्हा हॉस्पिटलने हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी नावाची टेस्ट केली, ती ४.६ आली. डॉक्टर म्हणाले, शरीरात सूज आहे, आमच्याकडे एका इंजेक्शनची ट्रायल चालू आहे, आयएल-६ अडवणारं इंजेक्शन, महिन्यातून एकदा घ्यायचं, अर्ध्या लोकांना खरं औषध आणि अर्ध्यांना डमी, तुम्ही बसू शकाल. २४ पानांचा फॉर्म दिलाय घरी वाचायला. दादा म्हणतो बाबांचा गिनीपिग करायचा नाही. आईने फॉर्ममध्ये नॉमिनीचा रकाना बघितला आणि तेव्हापासून तिच्या डोळ्याचं पाणी खळत नाही. बाबा म्हणतात मी जातो, तपासण्या फुकट होतील आणि कुणाच्या तरी उपयोगी पडेन. दाजी म्हणतात ट्रायलबियल काही नको, हळदीच्या कॅप्सूल घ्या, सीआरपी आपोआप उतरतं. त्याच आठवड्यात बाबांचं रूट कॅनल चालू होतं त्यामुळे सगळी धावपळच झाली. बाकी तब्येत चांगली आहे, १९९४ साली टीबी झाला होता पण तो पूर्ण बरा झाला म्हणून आम्ही तो विषय काढला नाही. ४.६ म्हणजे दुसरा अटॅक येणार का? ट्रायलमध्ये घालू की नको? तुम्ही एका हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे ट्रायल्सना मंजुरी देणाऱ्या कमिटीवर होतात असं सदरात वाचलं होतं म्हणून तुम्हालाच विचारतेय.
— एक मुलगी, कल्याण

उत्तर:

अगं, तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची दोन वाक्यं तू अगदी शेवटी, जाता जाता लिहिलीयेस. रूट कॅनल आणि टीबी. बाकी ४.६, दादा, दाजी, सगळं नंतर.

आधी दात. सीआरपी हे प्रोटीन आपलं लिव्हर बनवतं. शरीरात कुठेही काही बिनसलं, म्हणजे जंतू शिरला, जखम झाली, हिरडी सुजली, गुडघा धरला, साधा सर्दीताप आला, की आयएल-६ नावाचा निरोप लिव्हरपर्यंत जातो आणि एक-दोन दिवसांत सीआरपी कितीतरी पटीने चढतं. कारण संपलं की उतरतंही तितक्याच झपाट्याने, साधारण १९ तासांत रक्तातलं निम्मं होतं. आता मला सांग, ज्या आठवड्यात बाबांच्या दाताच्या मुळाशी इन्फेक्शन होतं आणि डेंटिस्ट तिथे ड्रिल करत होता, त्याच आठवड्यात काढलेल्या रक्तात ४.६ आलं तर त्यात हृदयाचे किती आणि दाढेचे किती हे कोण सांगणार? कुणीच नाही, त्या रिपोर्टवरून तरी नाही. अमेरिकेत २००३ साली हार्ट असोसिएशन आणि सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने मिळून या टेस्टबद्दल जे सांगितलं त्यात हेच होतं की १ च्या खाली कमी धोका, १ ते ३ मधला, ३ च्या वर जास्त, पण ही टेस्ट माणूस धडधाकट असताना करायची, एकदा करून थांबायचं नाही, दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करायची आणि सरासरी बघायची, आणि १० च्या वर गेली तर हृदयाचा विचार बाजूला ठेवून आधी इन्फेक्शन कुठे आहे ते शोधायचं. त्यामुळे दाताचं काम पूर्ण संपू दे, वर दोन-तीन आठवडे जाऊ देत, मग परत टेस्ट. रिपोर्टवर मिलिग्रॅम पर लिटर लिहिलंय की पर डेसिलिटर तेही बघ, काही लॅब डेसिलिटरमध्ये देतात आणि तिथला ०.४६ म्हणजेच इथला ४.६, यावरून लोक उगाच घाबरतात नाहीतर उगाच निर्धास्त होतात.

आणि हो, दातावरून आठवलं. स्टेंट टाकून आठ महिने झालेत म्हणजे बाबांना अॅस्पिरिनच्या जोडीला रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळीही चालू असणार. रूट कॅनलसाठी त्या गोळ्या कुणी बंद केल्या होत्या का? तू लिहिलं नाहीस. केल्या असतील आणि हार्टच्या डॉक्टरांना विचारलं नसेल तर आजच फोन कर. स्टेंटमध्ये अचानक गुठळी होण्याचा धोका ४.६ च्या सीआरपीपेक्षा फार मोठा आणि फार जवळचा आहे. पुढे दाढेवर कॅप बसवायची असेल, दात काढायचा असेल, तरी स्वतःहून गोळी थांबवायची नाही.

आता तुझा पहिला प्रश्न, ४.६ म्हणजे दुसरा अटॅक येणार का. नाही, असं काही त्या आकड्यात लिहिलेलं नसतं. कोविडमध्ये आपण सगळे सीआरपी ८०, १२० असले आकडे व्हॉट्सअॅपवर एकमेकांना पाठवत होतो, तेव्हापासून हे अक्षर दिसलं की लोकांच्या पोटात गोळा येतो, पण ४.६ हा त्या जातीचा आकडा नव्हे. हाय सेन्सिटिव्हिटी टेस्ट ही मुळात बारीक, रोजची, न दुखणारी सूज मोजायला काढलेली आहे. हजारो लोकांकडे वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं तर ज्यांचं सीआरपी कायम वर असतं त्यांना हार्टचा त्रास जास्त होतो, हे खरं. एका माणसाच्या एका रिपोर्टवरून भविष्य सांगता येत नाही, हेही खरं.

सीआरपीचं काम गल्लीतल्या कुत्र्यासारखं आहे बघ. चोर आला तर भुंकतो, पण दूधवाला आला, मांजर दिसली, कुणी फटाका फोडला तरी भुंकतो. आणि कुत्र्याचं तोंड बांधलं म्हणून चोर परत जात नाही. डेन्मार्कच्या संशोधकांनी २००८ साली पन्नास हजारांहून जास्त लोकांचे जीन्स तपासून हे जवळजवळ सिद्धच केलं. काही लोकांचं सीआरपी जन्मापासून, नुसत्या जीन्समुळे वर असतं, त्यांना हार्टचा आजार जास्त व्हायला हवा होता, तर तो होत नव्हता. म्हणजे सीआरपी स्वतः गुन्हेगार नाही. आयएल-६ च्या बाबतीत मात्र उलटं निघालं, त्याचा निरोप जन्मतःच थोडा कमी पोचतो अशा लोकांना हार्टचा आजार कमी होतो असं २०१२ च्या सुमारास दिसलं. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं इंजेक्शन आयएल-६ वर का मारा करतं आणि थेट सीआरपीवर का नाही, त्याचं कारण हे. तेवढं शास्त्र पक्कं आहे, हवेतलं काही नाही.

तरी मग ट्रायल कशाला, औषधच द्या की, असं दादा म्हणेल. तर या विषयातल्या आधीच्या ट्रायल्स काय सांगतात ते ऐक, कारण माझं मत त्यावरच उभं आहे.

सगळ्यात गाजलेली ज्युपिटर, २००८ ची. १७,८०२ लोक, कुणालाच हार्टचा आजार नाही, एलडीएल १३० च्या खाली, पण सीआरपी २ किंवा वर. अर्ध्यांना रोसुवास्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन जातीची गोळी, अर्ध्यांना डमी गोळी. लोकांवर साधारण दोन वर्षंच लक्ष ठेवून झालं होतं आणि ट्रायल ठरल्याआधीच थांबवली, कारण अटॅक, पॅरालिसिस वगैरे घटना डमीवाल्यांत २५१ आणि औषधवाल्यांत १४२. पेपरांनी भरभरून छापलं. पण नंतर लोकांनी नेमका मुद्दा काढला की कमी सीआरपीवाले तुम्ही घेतलेच नाहीत, मग फायदा सीआरपी जास्त होतं म्हणून झाला की स्टॅटिनने कुणालाही झालाच असता, हे कळणार कसं? शिवाय डायबेटिसच्या नोंदी औषधवाल्यांत जास्त होत्या, पैसा औषध कंपनीचा होता, आणि ट्रायलचे प्रमुख पॉल रिडकर यांचं नाव सूज मोजण्याच्या टेस्टसंबंधीच्या पेटंटवर होतं. लपवलं नव्हतं त्यांनी, पेपरात स्पष्ट लिहिलं होतं. मी हे एवढ्यासाठी सांगतेय की असल्या गोष्टी विचारायच्या असतात आणि विचारल्या तर कुणी चावत नाही.

मग बाबांसारख्या लोकांवरची, कँटोस, २०१७. अटॅक येऊन गेलेले १०,०६१ लोक, सीआरपी २ किंवा वर, कानाकिनुमॅब नावाचं इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा, आयएल-६ च्याही एक पायरी वरचा निरोप अडवणारं. कोलेस्टेरॉल जराही हललं नाही, सीआरपी उतरलं, आणि मधल्या डोसवर अटॅक, पॅरालिसिस, हार्टने मृत्यू हे सगळं मिळून साधारण १५ टक्क्यांनी कमी झालं. ऐकायला मस्त वाटतं ना? आता टक्के सोड आणि माणसं मोज. हजार लोक एक वर्षभर बघितले तर डमीवाल्यांत अशा ४५ घटना, औषधवाल्यांत ३९ च्या आत. आणि इन्फेक्शनने दगावणारे डमीवाल्यांत हजारी २ च्या आत, औषधवाल्यांत ३ च्या आसपास. एकूण मृत्यूंमध्ये काही धड फरक पडला नाही. औषधांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये हार्टसाठी त्या औषधाला नकार दिला. पण सूज कमी केली तर हृदयाला फायदा होतो हे पहिल्यांदा ठोसपणे दिसलं ते त्याच ट्रायलमध्ये, तेही त्या दहा हजार लोकांनी वर्षानुवर्षं टोचून घेतलं म्हणून.

त्यानंतर मेथोट्रेक्सेट, संधिवाताचं जुनं स्वस्त औषध, ४,७८६ लोक, सीआरपी उतरलंच नाही आणि फायदाही शून्य. मग कोल्चिसिन, गाऊटवाल्यांची गोळी. त्या ट्रायल्समध्ये सीआरपी बघून कुणाला घेतलं नव्हतं. २०१९ आणि २०२० च्या दोन ट्रायल्समध्ये चांगला फायदा दिसला, २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यतासुद्धा मिळाली, आणि २०२४ मध्ये अटॅकनंतर लगेच सुरू केलेली ७,०६२ लोकांची मोठी ट्रायल आली त्यात ९.१ टक्के विरुद्ध ९.३ टक्के, म्हणजे जैसे थे. आणि गंमत म्हणजे त्या ट्रायलमध्ये सीआरपी उतरलं होतं! कोल्चिसिन घेणाऱ्यांचा रिपोर्ट सुंदर, अटॅक तेवढेच. दाजींना हे वाक्य वाचून दाखव.

म्हणून बाबांच्या फॉर्ममध्ये पहिली गोष्ट शोधायची ती ही की शेवटी ते लोक मोजणार काय आहेत. डॉक्टर त्याला प्रायमरी एंडपॉइंट म्हणतात, तू सरळ विचार की ट्रायल संपल्यावर तुम्ही अटॅक आणि मृत्यू मोजणार का नुसतं सीआरपी. दोन्ही प्रकारच्या ट्रायल्स असतात आणि दोन्ही प्रामाणिक असू शकतात. आयएल-६ अडवणाऱ्या झिल्टिवेकिमॅब नावाच्या इंजेक्शनची २०२१ मधली एक ट्रायल फक्त २६४ लोकांवर होती, किडनीचा आजार असलेल्या, तीन महिन्यांत मधल्या डोसवर सीआरपी तब्बल ८८ टक्क्यांनी खाली, डमीवर ४ टक्के. पण त्यातून अटॅक कमी होतात का हे कळत नाही, त्यासाठी हजारो लोक आणि काही वर्षं लागतात. बाबांची ट्रायल तशी मोठी असेल तर ती दोन-चार महिन्यांत संपणार नाही, दर महिन्याला कल्याणहून लोकलने जायचं आहे, सोबत कोण जाणार, येण्याजाण्याचे पैसे मिळणार का, हे आत्ताच घरात बोला. मी बघितलंय, लोक औषधाच्या त्रासाने फार कमी सोडतात, सोबतीला कुणी नसतं म्हणून सोडतात.

आता टीबी. हा विषय काढला नाही असं तू लिहितेस. काढ. पुढच्या भेटीची वाट बघू नकोस, ट्रायलच्या कोऑर्डिनेटरला फोन करून सांग. सूज म्हणजे शरीराची लढाईच असते, ती दाबणारी औषधं इन्फेक्शनला वाट मोकळी करून देऊ शकतात, आणि टीबी बरा झाल्यावरही त्याचा जंतू कधी कधी वर्षानुवर्षं फुप्फुसात झोपून राहतो. कँटोसमध्ये टीबी होऊन गेलेल्यांना आणि टीबीचा धोका जास्त असलेल्यांना घेतलंच नव्हतं. या ट्रायलचे नियम वेगळे असू शकतील, ते छातीचा एक्सरे आणि टीबीची रक्ततपासणी करून ठरवतील, पण ठरवायचं त्यांनी, तुम्ही लपवून नाही. बाबांना वाटेल की सांगितलं तर बाहेर काढतील. काढू देत की! ज्या ट्रायलमधून माणसाला त्याच्या भल्यासाठी बाहेर काढतात ती ट्रायल नीट चाललीये असं मी समजते. १९९४ चे कागद मिळाले तर ठीक, नाहीतर किती महिने कुठली गोळी घेतली ते आठवेल तेवढं लिहून ने.

आणि इन्फेक्शनवरूनच अजून एक गोष्ट, जी फॉर्ममध्ये कुठेतरी बारीक अक्षरात असेल पण घरच्यांना कुणी समजावून सांगत नाही. आयएल-६ अडवलं की लिव्हरला निरोपच जात नाही, म्हणजे न्यूमोनिया झाला तरी सीआरपी नॉर्मल दिसू शकतं, तापसुद्धा कधी कधी म्हणावा तसा चढत नाही. कोविडमध्ये टॉसिलिझुमॅब आठवतंय ना, त्या इंजेक्शनसाठी महाराष्ट्रभर लोक चिठ्ठ्या घेऊन मेडिकलमेडिकल फिरत होते, तेही याच कुळातलं. इंग्लंडच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये ते ऑक्सिजन कमी झालेल्या आणि सीआरपी ७५ च्या वर असलेल्यांना दिलं तेव्हा मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१ वर आले, म्हणजे उपयोगी औषध आहे, पण तेव्हाही डॉक्टर सांगायचे की हे दिल्यावर सीआरपीवर विसंबून राहू नका. तर बाबा ट्रायलमध्ये गेले आणि पावसाळ्यात खोकला झाला, दम लागला, आणि कोपऱ्यावरच्या फॅमिली डॉक्टरने सीआरपी काढून काही नाही हो असं सांगितलं, तर ते गृहीत धरायचं नाही. ट्रायलचं कार्ड मिळतं, ते बाबांच्या पाकिटात आणि फॅमिली डॉक्टरच्या फाइलमध्ये दोन्हीकडे असू दे. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी आधी घ्यायच्या का तेही विचारून घे.

याच कारणाने ट्रायल चालू असताना बाबांचं सीआरपी तुम्हाला सांगणार नाहीत. डॉक्टरांनाही सांगणार नाहीत. कारण आकडा धाडकन पडला की खरं औषध मिळतंय हे लगेच ओळखू येईल, आणि मग सगळ्यांचं वागणं बदलतं, दुखणंखुपणं सांगण्याची पद्धतसुद्धा बदलते. त्यामुळे घरी येऊन सॅम्पल नेणाऱ्या लॅबकडून गुपचूप सीआरपी काढायचा मोह होईल, दादाला तर नक्की होईल, तो आवरा. तेवढं जमणार नसेल तर ट्रायलमध्ये जाऊच नका, हे मी सरळ सांगते.

दादाच्या गिनीपिगवर मी हसणार नाही. आपल्याकडे वाईट गोष्टी घडल्यात, मध्य प्रदेशात इंदूरमध्ये गरीब पेशंटना धड न सांगता ट्रायलमध्ये घातल्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं, २०१३ मध्ये कोर्टाने सरकारला चांगलंच फैलावर घेतलं आणि पुढे नियम कडक होत गेले. आता २०१९ चे नियम लागू आहेत. त्यानुसार ट्रायलमुळे काही इजा झाली तर उपचार फुकट, कायमचं नुकसान किंवा मृत्यू झाला तर भरपाई, आणि माणूस कधीही, कारण न देता बाहेर पडू शकतो, त्याच्या नेहमीच्या उपचारात त्यामुळे फरक पडता कामा नये. आईला सांग, नॉमिनीचा रकाना या भरपाईच्या नियमांमुळेच आलाय, भारतातल्या अशा प्रत्येक फॉर्ममध्ये असतो, बँकेच्या खात्यातही असतो, तिथे ती रडली नव्हती. तो रकाना नसता तर मी म्हटलं असतं पळा.

प्रत्येक ट्रायलची सीटीआरआय या सरकारी रजिस्टरमध्ये नोंद लागते, २००९ पासून सक्ती आहे. फॉर्मवर तो नंबर असेल, वेबसाइटवर टाक, तिथे हॉस्पिटलचं नाव, एथिक्स कमिटीची मंजुरी, किती लोक घेणार, काय मोजणार सगळं दिसतं. तुमचं हॉस्पिटल त्या यादीत नसेल तर तिथेच थांबायचं.

आणि एक काम जरूर कर. फॉर्मच्या शेवटच्या पानांवर दोन फोन नंबर असतात, एक ट्रायलच्या डॉक्टरांचा आणि एक एथिक्स कमिटीच्या सेक्रेटरीचा. दोन्हीवर फोन करून बघ. मी कमिटीवर डॉक्टर म्हणून नव्हते, बाहेरची सामान्य बाई म्हणून होते, नियमानेच तसं एक माणूस लागतं, आणि बाकीचे लोक डोस आणि साइड इफेक्टवर बोलत असायचे तेव्हा मला वाचायला हे पान उरायचं. एकदा मीटिंगमध्ये बसल्या बसल्या फॉर्मवरचा नंबर मोबाइलवरून लावला तर तो हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये लागला, समोरचा विचारतोय किती चहा पाठवू. हसलो सगळे, पण तो फॉर्म तसाच पेशंटच्या हातात गेला असता आणि रात्री दोन वाजता कुणी तो नंबर फिरवला असता. त्या दिवशी मंजुरी अडली ती त्या एका नंबरवर. रात्री उचलला जाणारा नंबर कुठला, हे विचार.

फुकट तपासण्यांचं बाबांना सांग की त्या ट्रायलसाठी असतात, त्यांच्यासाठी नव्हे. योगायोगाने काही सापडलं तर फायदा, पण त्यासाठी सही करू नये. डॉक्टरांना किंवा हॉस्पिटलला दर पेशंटमागे पैसे मिळतात का हेही विचारायला हरकत नाही, मिळतात बहुतेक ठिकाणी, त्यात चोरी काही नाही, पण कळलेलं बरं. आणि डमी मिळाली तर बाबा वाऱ्यावर सुटतील असं नाही, त्यांच्या अॅस्पिरिन, स्टॅटिन सगळ्या गोळ्या दोन्ही गटांत चालू राहायला हव्यात, फॉर्ममध्ये तसं स्पष्ट लिहिलंय का बघ. एखादी चालू गोळी बंद करायला सांगत असतील तर का, हे समजल्याशिवाय सही नको.

आता माझं मत विचारशील तर. दात बरा झाल्यावर परत काढलेलं सीआरपी २ च्या खाली आलं तर बहुतेक हा प्रश्नच मिटतो, ते बाबांना घेणारच नाहीत, आणि ट्रायलवाले तसंही स्वतःच्या लॅबमध्ये टेस्ट परत करतातच. वर राहिलं, टीबीचं त्यांनी नीट बघितलं, वरच्या प्रश्नांची उत्तरं न चिडता दिली, तर मी बाबांना अडवणार नाही. अटॅक येऊन गेलेला माणूस, एलडीएल ५८ वर आणलेलं, त्याच्यापुढे उरलेला धोका कमी करायला जे थोडे मार्ग आहेत त्यातला हा एक शोधला जातोय, आणि ते डोळे उघडे ठेवून त्यात जायला तयार आहेत. सही त्यांची आहे. दादाची नाही, तुझी नाही, माझी तर नाहीच नाही. ४०० बसगाड्यांची इंजिनं उघडून बघितलेला माणूस २४ पानं वाचू शकतो, तुम्ही फक्त बाजूला बसा, पेन्सिल द्या, जिथे कळलं नाही तिथे फुली मारू द्या आणि तो फुल्यांचा फॉर्म घेऊन डॉक्टरांकडे जा. वाचून ते नको म्हणाले तरी तेवढंच बरोबर. टीबीबद्दल मात्र ट्रायलवाल्यांनी हात झटकले, अहो एवढं जुनं काय धरून बसलात असं म्हणाले, तर मी पहिली असेन जाऊ नका म्हणणारी.

दाजींच्या कॅप्सूल राहिल्या. आमटीतली, दुधातली हळद खुशाल चालू दे, कॅप्सूलमध्ये ती कितीतरी पटीने दाट केलेली असते, काहींच्या लिव्हरला त्यामुळे इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि बाबांना आधीच रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यात ही भर नको. सीआरपी खरोखर उतरवणाऱ्या गोष्टी कंटाळवाण्या आहेत, पोट कमी करणं, तंबाखू-सिगारेट असेल तर बंद, हिरड्या स्वच्छ, रोज चालणं, आणि जी स्टॅटिन ते घेतायत ती, तीही सीआरपी उतरवते. बाबांनी दाजींच्या कॅप्सूल आधीच सुरू केल्या असतील, आणि मला शंका आहे की केल्या असणार, तर तेही कोऑर्डिनेटरला टीबीच्या त्याच फोनमध्ये सांगून टाक.